'मीच बोलतोय'



खोटे बोलू नये, हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकवले जाते. आठवी आज्ञा कोणाला पाठ नाही? पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या कामासाठी, त्याच्या भल्यासाठी, त्याच्याच शेजारी बसून फोनवर 'मीच बोलतोय' असे म्हटले, तर ते खोटे बोलणे होते का? हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्यापुढे आला. तो अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून आज तुमच्यापुढे मांडत आहोत.

आमचे काका आणि काकू पुसेगावला राहतात. काका १९७९ साली कामासाठी पुण्याकडे गेले. हिंगोलीची रेल्वे तेव्हा लहान रुळांची होती आणि पुण्याला पोचेपर्यंत दोन ठिकाणी गाडी बदलावी लागे, असे ते सांगतात. तिकडे एका कारखान्यात पत्रा दाबण्याच्या प्रेसवर त्यांनी तीस वर्षे काम केले. २००९ मध्ये अठ्ठावन पूर्ण झाली, तेव्हा निवृत्त होऊन ते गावी परतले. पेन्शन सुरू झाली. आपल्यातले काहीजण 'पेन्शन' म्हटले की मास्तरांची किंवा तहसीलमधल्या बाबूंची पेन्शन डोळ्यांपुढे आणतात. काकांची तशी नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून जी कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली, तिची ही पेन्शन. पगार कितीही असो, हिशेबात धरायच्या पगाराला मर्यादा होती आणि काका निवृत्त झाले तेव्हा ती होती साडेसहा हजार रुपये. त्यामुळे हातात येतात ते दोन हजारांच्या आतबाहेर. या योजनेत काही वृद्धांना काही शे रुपयेच मिळत. किमान एक हजार तरी द्यावेत, हे २०१४ साली ठरले.

रक्कम लहान असली तरी काकांना तिची काळजी आहे, आणि ती स्वतःसाठी नाही. पेन्शनर वारला तर त्याच्या पत्नीला निम्मी पेन्शन मिळते. पण पत्नीचे नाव कागदावर नीट हवे. आमच्या काकूंची नावे तीन आहेत. एक बाप्तिस्म्याचे, एक माहेरी हाक मारायचे आणि एक लग्नानंतर सासरी ठेवलेले. आधार कार्डावर तिसरे आले, रेशनकार्डावर दुसरे आहे, चर्चच्या विवाह नोंदवहीत अर्थातच पहिले. (आपल्या धर्मग्रामात असे किती जणींचे झाले असेल, याचा विचार केलेला बरा.) कारखान्यात असताना काकांनी वारसाचा जो फॉर्म भरला होता, त्यात कोणते नाव घातले हे त्यांना आठवत नव्हते. फॉर्म कारखान्याच्या कारकुनाने लिहिला, काकांनी फक्त सही केली. पेन्शनच्या ऑर्डरवर जे नाव आहे त्याचे स्पेलिंग तर चौथेच आहे.

"मी गेल्यावर हिला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील," असे काका सारखे म्हणत. म्हणून आम्ही तिघे पुतणे एका सोमवारी त्यांच्या ओट्यावर जमलो आणि कारखान्याच्या पेन्शन विभागाला फोन लावला. नंबर एका जुन्या पत्राच्या माथ्यावर होता. सोमवारी आणि मंगळवारी घंटा वाजत राहिली. बुधवारी अकराच्या सुमारास एका बाईंनी फोन उचलला.

"पेन्शनर स्वतः बोलताहेत का?" त्यांनी विचारले.

काकांना ऐकू येत नाही. तीस वर्षे प्रेसच्या धडधडाटात उभे राहिलेल्या माणसाचे कान राहत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांची एक यादी होती आणि मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा तिच्यात होता. पण काकांनी तो कधी आजार मानला नाही आणि कोणाला कळवलाही नाही. प्रेस खात्यातले सगळेच तसे होते, असे ते म्हणतात. तर ज्या नोकरीने कान गेले, त्याच नोकरीच्या पेन्शनसाठी आता फोनवर ऐकू येणे भाग होते.

आमच्यातला थोरला म्हणाला, "हो मॅडम, मीच बोलतोय."

बाकीचे दोघे गप्प बसलो. बोलला एकजण, पण ते बोलणे आमचे तिघांचे होते, हे आता कबूल करायला हवे.

मग प्रश्न सुरू झाले. तिकीट नंबर? कागदावर होता, वाचून सांगितला. जन्मतारीख? सांगितली. वडिलांचे नाव? सांगितले. "मूळ गाव?" पुसेगाव. "जिल्हा?" थोरला पटकन म्हणाला, हिंगोली. बाई थांबल्या. "आमच्याकडे परभणी आहे." खरेच की! हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. काका कामाला लागले तेव्हा पुसेगाव परभणी जिल्ह्यातच होते आणि आजही ते पत्ता सांगताना कधी कधी परभणी म्हणून जातात. थोरल्याने सावरून घेतले. बाई हसल्या. त्यांचा आवाज मोकळा झाला आणि त्यांनी विचारले, "प्रेसला होतात म्हणजे माझ्या वडिलांना ओळखत असाल. तेही प्रेसलाच होते, दुसऱ्या पाळीला." त्यांनी वडिलांचे नाव सांगितले.

"हो हो, ओळखतो तर!" थोरला म्हणाला.

"ते गेले हो, चार वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

यावर काय बोलावे हे आम्हाला सुचेना. थोरला "अरेरे" म्हणाला. बाईंनी फॉर्म शोधून ठेवते म्हणून सांगितले आणि आठ दिवसांनी फोन करायला सांगितले. फोन ठेवल्यावर काकांनी विचारले, "काय म्हणाली रे बाई?" आम्ही त्यांच्या कानाशी ओरडून सगळे सांगितले. ते नाव ऐकल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानंच मला काम शिकवलं. माझं बोट जाता जाता वाचलं ते त्याच्यामुळं. गेला का तो?" आणि थोड्या वेळाने, "मला द्यायचा होता ना फोन."

आमचा प्रश्न इथून सुरू झाला.

आमचे काही नातलग म्हणाले, यात कसले आले पाप? काका शेजारी बसले होते, त्यांची संमती होती, कोणाचा एक रुपया बुडाला नाही. खेड्यात आपण एकमेकांसाठी बोलतोच. शेजारणीचे पार्सल घेतो, आईच्या नावाने रेशनची चौकशी करतो. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. खोटे बोलण्याचे पाप किती मोठे, हे कोणते सत्य मोडले, कशासाठी मोडले, कोणत्या परिस्थितीत मोडले आणि नुकसान कोणाचे झाले यावरून ठरते, असे १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही सांगितले आहे. त्या मापाने आमचे खोटे लहानच ठरेल. संत ऑगस्टीन मात्र इतके सोपे नव्हते. खोटे बोलणे या एकाच विषयावर त्यांनी दोन पुस्तिका लिहिल्या आणि चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये, या मतावर ते ठाम राहिले. संत थॉमस अक्वायनस यांनी दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे खोटे वेगळे काढले, ते कमी दोषाचे मानले, पण दोषाचेच. आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात, तेही अशाच एका खोट्याची आठवण ठेवून. त्यात धर्मराजाने शब्द तरी अर्धे खरे ठेवले होते. आमचा 'मीच' पूर्ण खोटा होता.

पण खरे सांगायचे तर ऑगस्टीन बरोबर की नातलग बरोबर, या वादाने आमचे समाधान होत नाही. बाईंचे नुकसान झाले असे आम्हाला वाटत नाही. झाले असलेच तर एवढेच, की वडिलांची आठवण त्यांनी भलत्याच माणसापुढे काढली. नुकसान काकांचे झाले. आम्ही त्यांच्यासाठी बोलायला बसलो आणि बोललो त्यांच्या जागी. या दोन गोष्टी एक नाहीत. वकील पक्षकारासाठी बोलतो, पण मी वकील आहे असे सांगून बोलतो. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला बोलता येत नाही म्हणून फादर आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना विचारतात. पण ते उत्तर देतात ते स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या श्रद्धेने. 'मीच ते बाळ' असे कोणी म्हणत नाही! आमच्या 'मीच'ने मात्र काका त्या ओट्यावर बसलेले असूनही नाहीसे झाले. त्यांचा गुरू गेला ही बातमी त्यांना दहा मिनिटे उशिरा आणि आमच्या तोंडून कळली. त्या मुलीला दोन शब्द सांगायचे होते, ते राहिले.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. थोरल्याचा फोनवरचा सूर गयावया करणारा होता. 'मॅडम, जरा बघा ना', 'गरिबाचं काम आहे'. काका असे बोलले नसते. पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी भीक नाही, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सांगितले. तो खटला सरकारी पेन्शनरांचा होता हे खरे, पण ती तारीख देशभरचे पेन्शनर आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. २०१८ च्या डिसेंबरात शेजारच्या बुलढाण्यात याच १९९५ च्या योजनेचे पेन्शनर किमान रक्कम वाढावी म्हणून साखळी उपोषणाला बसले. ते स्वतः बसले, मुलांना पाठवले नाही. हक्क ज्याचा आहे त्यानेच तो मागावा, यात एक वेगळे वजन असते आणि ते आम्ही काकांकडून काढून घेतले होते.

'पेन्शनर स्वतः बोलताहेत का?' हा प्रश्न आम्हाला त्या दिवशी अडवणूक वाटला. पण तो काकांच्या राखणीसाठीच होता. म्हाताऱ्या माणसांना फोन करून 'तुमची पेन्शन बंद होईल, आधार नंबर सांगा, ओटीपी सांगा' म्हणणारे ठग आज थोडे नाहीत. ते कचेरीलाही फोन करून पेन्शनर असल्याचे सांगू शकतात. तिकीट नंबर आणि जन्मतारीख कागदावरून वाचणारा आमचा थोरला आणि असा एखादा ठग, यांत फोनच्या पलीकडून फरक कसा दिसणार? (हयातीच्या दाखल्याला २०१४ पासून जीवन प्रमाणचे यंत्र आले. तिथे अंगठा किंवा चेहरा पेन्शनरचाच लागतो, पुतण्याचा चालत नाही. आता काकांचा अंगठा पत्र्याने झिजलेला, तो पहिल्या झटक्यात कधी लागत नाही, ही वेगळी कथा.)

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा काकांच्या ओट्यावर बसलो. या वेळी ठरवून ठेवले होते. "मी पुतण्या बोलतोय. काका शेजारी आहेत, त्यांना ऐकू येत नाही. ते आपले नाव आणि नंबर स्वतः सांगतील, मग पुढचे मी विचारतो." फोन त्या बाईंनी नव्हे, एका गृहस्थांनी उचलला. काकांनी फोन तोंडापुढे धरून एवढ्या मोठ्याने तिकीट नंबर सांगितला की समोरच्या घरातली माणसे बाहेर आली. कागद पाहिला नाही. सोळा वर्षे झाली कारखाना सोडून, नंबर तोंडपाठ!

गृहस्थ सभ्य होते, पण त्यांनी सांगितले की पुतण्याशी बोलायचे तर काकांचे सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत पोस्टाने यायला हवी. त्याशिवाय फॉर्मवरचे नाव सांगता येणार नाही. म्हणजे खोटे बोलून आठ दिवसांत होणारे काम खरे बोलल्याने महिनाभर लांबले. धाकट्याने हे आम्हाला लगेच बोलून दाखवले आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. या महिनाभरात काकांचे काही बरेवाईट झाले असते, तर आम्ही स्वतःला काय सांगितले असते? हा विचार रात्री येतो. पहिल्या दिवशीच खरे बोललो असतो तर अधिकारपत्र त्याच आठवड्यात गेले असते, एवढेच त्याला म्हणता येईल.

अधिकारपत्र रजिस्टरने पाठवले. सोबत फादरांकडून विवाह नोंदवहीचा उतारा घेऊन जोडला. पोच परत आली आहे. फॉर्मवर काकूंचे कोणते नाव आहे, हे अजून कळलेले नाही. काकू म्हणतात, कुठले का असेना, मीच आहे ती.

काकांना मात्र आता नावापेक्षा दुसरीच घाई झाली आहे. त्या बाई फोनवर कधी भेटतील, हे ते रोज विचारतात. त्यांना काय सांगायचे ते त्यांनी आमच्याकडून एका कागदावर लिहून घेतले आहे आणि बाईंचे उत्तर ऐकू येणार नाही म्हणून ते आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचे, असे ठरले आहे. आधी बाईंना हेही सांगायचे आहे की त्या दिवशी बोलणारा हा काका नव्हता. ते थोरला सांगणार आहे. येत्या सोमवारी फोन लावू, अकराच्या आत; मग तिकडे जेवणाची सुट्टी जवळ येते.