उरलेला एक टक्का

सूर्याच्या किरीटाचा, म्हणजे तेजस्वी बिंबाभोवती पसरलेल्या अतिविरळ व अतितप्त वायूच्या आवरणाचा वेध ‘आदित्य-एल१’ हे यान अवकाशातून घेत असताना, दोन मिनिटांच्या खग्रास ग्रहणासाठी दूरदेशी यंत्रे नेण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. आणि बहुधा तो उत्तराच्या अपेक्षेने विचारलेलाच नसतो, म्हणून अधिक खुपतो.

ग्रहण का लागते हे सांगण्याची गरज नाही. मात्र खंडग्रास व खग्रास यांतील भेद केवळ कमी-अधिकाचा नव्हे, हे अजून पुरते रुजलेले नाही. किरीटाचा प्रकाश सूर्यबिंबाच्या सुमारे दशलक्षांश असतो, त्यामुळे बिंबाचा एक टक्का जरी उघडा राहिला तरी तो किरीटाहून दहा हजार पट तेजस्वी ठरतो. 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणात पुण्याजवळच्या दापोडीच्या आकाशात सूर्याची कोर उरली आणि किरीट दिसण्याचा प्रश्नच मिटला. त्याच दुपारी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊरला तो सुमारे दोन मिनिटे उघड दिसला. तेथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही होते, ज्यांचे नाव आज पुण्यातच फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

चकतीने बिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडवणारी दुर्बीण, म्हणजे कोरोनाग्राफ, हे काम रोज करते, असे प्रतिपक्ष म्हणतो. परंतु चकती दुर्बिणीतच असल्याने तिच्या कडेवरून प्रकाश विखुरतो आणि सूर्यकडेलगतचा किरीटच नेमका हाती येणे कठीण होते. चंद्र मात्र लाखो किलोमीटर दूर राहून निरीक्षकाच्या माथ्यावरची हवादेखील अंधारात टाकतो.

येथे विजयदुर्गाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी 1868 च्या ग्रहणात या किल्ल्यावरून हेलियम शोधला, अशी समजूत कोकणात दृढ आहे. प्रत्यक्षात ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि विजयदुर्गास आले ते 1898 मध्ये. 1868 चे खरे मर्म गुंटूरला आहे. तेथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांना सूर्यकडेवरील ज्वालांच्या वर्णपटातील रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्याच दिवशी, ग्रहण सरल्यावरही, त्यांनी त्या पुन्हा शोधून काढल्या, आणि ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तेच साधले. ग्रहणाने ग्रहणावाचून पाहायला शिकवले. किरीटासाठी मात्र फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल्यो यांच्या 1930 च्या सुमाराच्या कोरोनाग्राफची वाट पाहावी लागली.

हे ध्यानी घेतले की ग्रहणाची बाजू मांडणाऱ्यालाही पवित्रा बदलावा लागतो. किरीटाचा आकार सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्राबरोबर पालटतो, आणि तो पालट ग्रहणांच्या तुटक नोंदींतून सलग उमगणे शक्यच नव्हते. रोजचे निरीक्षण यानानेच करायला हवे. ग्रहणाकडे उरते ते यानाची मोजमापे पडताळण्याचे व सूर्यकडेलगतची उणीव भरण्याचे काम. ते दुय्यम खरे. तरी 20 मार्च 2034 रोजी चंद्राची छाया देशाच्या उत्तर टोकावरून जाईल, तेव्हा तिथवर यंत्रे वाहून नेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.