कडी वाजली म्हणून

डोंबिवलीत सकाळ लोकलच्या वेळेवर चालते. रामनगरच्या एका जुन्या इमारतीत काचेची नवी शेगडी आली, तेव्हा घरातल्या मुलाच्या हातात जेमतेम वीस मिनिटं होती.

"एजन्सीच्या माणसाला बोलाव ना," आई म्हणाली.

"नळी तर बसवायचीय! त्यासाठी दोन दिवस थांबायचं?"

जुनी नळी नव्या शेगडीच्या तोंडावर चढेना. मग पुष्कळ घरांत करतात तेच त्यानंही केलं. नळीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवलं आणि मऊ झाल्यावर दाबून बसवलं. बर्नर पेटला, ज्योत निळीशार. "झालं बघ!" म्हणत तो जिना उतरला. निळी ज्योत बर्नर नीट जळतोय एवढंच सांगते. मागच्या जोडाविषयी ती काही बोलत नाही.

पावसामुळे खिडक्या बंद होत्या. दुपारी आईनं चहा केला, शेगडीचं बटण बंद केलं. रेग्युलेटर चालूच राहिला. ती आतल्या खोलीत आडवी झाली. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरत गेला. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं, पण हळूहळू वाढणाऱ्या वासाला घरातलं नाक सरावतं.

चार वाजता नेतिवलीहून मावशी कामाला आल्या. बेलकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि दाराची कडी वाजवली.

"काकू, दार उघडा! पण दिव्याच्या बटणाला हात लावू नका!"

आईचा हात बटणापाशीच होता.

मावशींनी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या, आईला हाताला धरून खाली नेलं. शेजाऱ्यांनी जिन्याखालून १९०६ ला फोन लावला.

आलेला मेकॅनिक कुणावर ओरडला नाही. घर पूर्ण मोकळं झाल्यावर त्यानं वाटीत साबणाचा फेस केला, जोडावर लावला आणि रेग्युलेटर क्षणभर सुरू केला. बुडबुड्यांचं कडं उठलं. नळीचं टोक आतून चिरलं होतं, वर छापलेली मुदत केव्हाच संपली होती. त्यानं जाळीची नवी नारिंगी नळी बसवली, पुन्हा फेस लावला, वाट पाहिली. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हाच काडेपेटी मागितली.

"पाइपचा गॅस आला की ही काळजी मिटेल ना?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"तो हलका असतो आजोबा, वर छताकडे जातो. त्यासाठी शेगडीचे जेटही बदलावे लागतात. ते काम कंपनीच्या माणसालाच करू द्या. आणि जोड तिथंही फेसानंच बघायचा."

मुलाला निरोप मिळाला तेव्हा तो ठाण्यात होता. उलटी गाडी पकडून धावत घरी आला आणि मावशींसमोर उभा राहिला.

"मावशी, बेल वाजवायची नाही, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"आमच्या चाळीत एकीच्या घरी वाजवली होती," मावशी म्हणाल्या, आणि पदर खोचून भांड्यांकडे वळल्या.

वाचकहो, आज स्वयंपाक उरकला की शेगडीमागे वाकून नळीवरची तारीख वाचा. मुदत संपली असेल, तर एजन्सीला आजच फोन करा.