खुर्ची उचल आणि भिंतीसमोर उभा राहा

आज दुपारी तीनपासून पावणेपाचपर्यंत मी जहांगीर आर्ट गॅलरीत तुझ्या प्रदर्शनाच्या दालनात होतो. तू मला पाहिलं नाहीस. दाराशेजारच्या खुर्चीत बसला होतास, मान मोबाइलमध्ये. मी मुद्दामच हाक मारली नाही. सर आले म्हणून तू उठला असतास, वाकून नमस्कार केला असतास, चहा मागवला असतास आणि मला जे बघायचं होतं ते राहून गेलं असतं. ते मी बघितलं. आता हे नीट वाच आणि वाचून संपेपर्यंत मला फोन करू नकोस.

मेणवलीच्या घाटाचं तुझं ते मोठं चित्र, चार फूट उंच आणि सहा फूट रुंद, त्याच्यासमोर एक गृहस्थ उभे होते. सत्तरी ओलांडलेले, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला. आधी त्यांनी लांबून बघितलं. मग जवळ गेले. उजव्या खालच्या कोपऱ्याशी वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळून कृष्णेच्या पाण्याचा तुकडा न्याहाळला. पुन्हा चार पावलं मागे आले. असं सात-आठ मिनिटं चाललं होतं, मी घड्याळात बघितलं. आपल्या चित्रासमोर इतका वेळ उभा राहणारा माणूस आयुष्यात किती वेळा भेटतो हे तुला अजून ठाऊक नाही. ते दोनदा तुझ्याकडे वळले. दुसऱ्यांदा तर विचारायला तोंडही उघडलं होतं. तू मान वर केली नाहीस. ते बाहेर पडले.

मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि पायऱ्यांवर त्यांना गाठलं. लालबागला राहतात. उभं आयुष्य सिनेमाची बॅनरं रंगवण्यात गेलं, वीस-वीस फुटांचे चेहरे. डिजिटल छपाई आली आणि हातातलं काम गेलं. काय विचारायचं होतं, म्हणून मी विचारलं. म्हणाले, ‘पोराचा हात चांगला आहे. पण छोटं चित्र मशिनवर मोठं केलंय ना? मोठं करताना रेघ बदलायला लागते. छोट्यात शोभलेली बारीक रेघ मोठ्यात तशीच ओढली की चित्र उपाशी दिसतं.’

उपाशी. तीस वर्षं कंपोझिशन शिकवून मला हा शब्द सुचला नव्हता. तुला तो फुकट मिळणार होता, आणि तुझ्या खुर्चीपासून सहा फुटांवरून तो परत गेला. हुसेन यांनीही तरुणपणी याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती. लांबून चित्र कसं पोचतं ते त्यांच्या हाताला तिथे कळलं. त्याच धंद्यातला एक जाणता माणूस चालत तुझ्याकडे आला होता.

आता त्या चित्राबद्दल. खोटं सांगू नकोस, मला तुझा हात ओळखू येतो. ते तू आधी वहीच्या पानावर केलंस. त्याचा फोटो फोनवर टाकलास, वाहवा मिळाली. मग तोच फोटो प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर फेकलास, पेन्सिलीनं बाह्यरेषा उतरवून घेतल्यास आणि आत रंग भरलास. वहीत घाटाची प्रत्येक पायरी एका फटकाऱ्यात आली होती. त्या फटकाऱ्यात जीव होता, कारण मनगट तेवढंच फिरतं. सहा फुटांवर मनगटानं भागत नाही, खांदा लागतो. तू मनगटानंच सहा फूट भरलेस. म्हणून डावीकडच्या पायऱ्या कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. घंटेच्या देवळामागची सावली तर नुसती सपाट निळी आहे. फोनवर ती अंगठ्याच्या नखाएवढी होती, तिथे चालून गेली. इथे ती दीड फुटांची आहे, आणि दीड फुटांच्या सावलीत काहीतरी घडावं लागतं. दगडाची ऊब, पाण्यावरून परतलेला उजेड, शेवाळ. मेणवलीला मी तुम्हा सगळ्यांना नेलं होतं. सकाळी सात ते अकरा तुम्ही तिथे बसला होतात आणि त्या सावलीत हिरवा कुठून शिरतो हे मी तुला बोट दाखवून सांगितलं होतं.

हातात मावणाऱ्या काचेवर कशालाच माप उरत नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आणि भिंतीएवढं चित्र तिथे सारखंच दिसतं. शिवाय ती काच स्वतः उजेड फेकते. रंग तसा नसतो, त्याच्यावर पडलेल्या उजेडातला थोडासा तो परत देतो, बस. म्हणून तुझे ते गडद कोपरे फोनवर मखमली दिसतात आणि भिंतीवर मेलेले दिसतात. ट्यूबमधला काळा थेट लावू नकोस, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा कर, म्हणजे त्यात थंड-गरम दोन्ही राहतं, हे दुसऱ्या वर्षात शिकवलं होतं. फोनवर दोन्ही काळे सारखेच दिसतात, म्हणून तू सोपा तो उचललास. आणखी एक. तुझ्या तेवीस चित्रांतली एकोणीस चौरस आहेत. का, हे मी विचारत नाही. पण नदी चौरस नसते रे. घाट आडवा पसरतो, त्याला तू बाकीच्या चित्रांत कडेनं कापून डब्यात बसवलंस.

तू म्हणशील, सर जुन्या वळणाचे, त्यांना मोबाइलचा राग आहे. मला त्याचा राग नाही. चित्राची प्रत घरोघर जावी यात पाप असतं तर रविवर्मा सगळ्यात मोठे पापी ठरले असते. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ज्यांनी कधी तैलचित्र पाहिलं नव्हतं त्यांच्या देवघरात त्यांची लक्ष्मी-सरस्वती पोचली. पण त्यांची तैलचित्रं आधी राजवाड्यांच्या भिंतींवर उभी राहिली होती. बडोद्याला ती अजून बघता येतात. साडीच्या जरीवरचा रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे नुसता पुसलाय, हे छापात दिसत नाही, तरी मूळ चित्रात ते सगळं केलेलं आहे. छापात येणार नाही म्हणून त्यांनी ते गाळलं नाही. तुझं उलट झालंय. फोटोत जे येणार नाही ते तू करायचंच सोडून दिलंस.

हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तू शंभर ठिकाणी पाहिलं असशील, कॅलेंडरवर, पाकिटावर, फोनवर. त्यावरून ते तैलरंगातलं वाटतं, मलाही वाटायचं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा कळलं की हे जलरंग आहेत, कागदावरचे. ज्योतीवर आडव्या धरलेल्या तळव्यातून, बोटांच्या फटींतून तो तांबूस उजेड येतो, आणि जलरंगात उजेड म्हणजे राखलेला कागद. एकदा कागद घाण झाला की उजेड गेला, परत येत नाही. म्हणजे सावंतवाडीच्या हळदणकरांनी हात उचलण्याआधी कुठे थांबायचं ते ठरवलं होतं. समोर उभं राहिल्यावर हे पोटात जाणवतं. प्रदर्शन याच्यासाठी असतं. ज्याला हे नको आहे त्यानं भिंत भाड्यानं घेऊ नये.

आणि भिंतीचा मान तू काय ठेवलास ते सांगतो, कारण याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे. त्या पिवळ्या आकाशाच्या चित्रावर तिरक्या उजेडात गोल गोल ठसे दिसतात, चवलीएवढे, ओळीनं. लोकांना ते टेक्श्चर वाटलं. मला माहीत आहे ते काय आहे. ॲक्रिलिकवर बबल रॅप थेट गुंडाळलास, फुगे आतल्या बाजूला, आणि मे महिन्याच्या उन्हात टेम्पोनं मुंबईला आणलंस. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेर, हे मी तुझ्यासमोर माझ्या हातांनी बांधून दाखवलं होतं. मोठ्या कॅनव्हासचा वरचा डावा कोपरा झोळीसारखा लोंबतोय. मुंबईच्या दमट हवेत तो सैलावणारच, त्यासाठीच स्ट्रेचरच्या कोपऱ्यांत पाचरी असतात. मागून दोन ठोके मारायला दोन मिनिटं लागतात. तीन दिवसांत तुला दोन मिनिटं मिळाली नाहीत. ओळीतली चित्रं तळाशी जुळवून टांगली आहेत, मध्य जुळवून नाही, त्यामुळे लहान चित्रं बघायला माणसाला वाकावं लागतं. चित्राचा मध्य डोळ्याच्या उंचीला हवा, जमिनीपासून पावणेपाच ते पाच फूट. चित्रांखालच्या पट्ट्यांवर माप नाही, साल नाही, माध्यमाच्या जागी जवळजवळ सगळीकडे ‘मिक्स मीडिया’. काय मिक्स? चित्र विकत घेणाऱ्याला, उद्या ते दुरुस्त करणाऱ्याला हे कळायला नको? उंची आधी लिही, मग रुंदी, मग साल.

पट्टीवर माप लिहायला जागा नव्हती, कारण तिथे तू चौदा-चौदा ओळी लिहिल्या आहेस. अस्तित्व, विस्थापन, अंतर्मनाचा प्रवास. मी सगळ्या वाचल्या. एकाही ओळीत निळा रंग नाही, एकाही ओळीत पायरी नाही. चित्रकारानं लिहू नये असं मी कधीच म्हणणार नाही. प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करत चित्रं काढत होते, वह्यांमधून टिपणं ठेवत होते, आणि 1990 साली त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. आकार म्हणजे काय, अवकाश कशानं तयार होतो, वस्तू चित्रात आली की तिचं काय होतं, याचा शोध त्या लिहिण्यात आहे. तिथे लिहिणं हा बघण्याचा भाग आहे. तुझं लिहिणं बघणाऱ्याच्या आणि चित्राच्या मध्ये येऊन उभं राहतं. माझ्यासमोर एका मुलीनं आधी पट्टी वाचली, मग चित्रावर नजर फिरवली, आणि पुढच्या पट्टीकडे गेली. तिचा दोष नाही, तू तिला तसं शिकवलंस.

रोज एक चित्र टाकण्याचा नेम केलास तेव्हाच मी तुला हटकायला हवं होतं. ते राहिलं, ती माझी चूक. गिरगावच्या चाळीत वाढलेले गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. बाकीचा वेळ काय करत होते असं तुला वाटतं? बघत होते. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांची चित्रं लागली तेव्हा ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. मी तुला गायतोंडे हो म्हणत नाही. रंगवलेलं चित्र भिंतीला उलटं टेकवून आठ दिवस ठेव आणि मग सरळ करून दहा फुटांवरून बघ, एवढंच म्हणतो. घरात दहा फूट नसतील तर शाळेच्या व्हरांड्यात ने. त्या मेणवलीच्या चित्राकडे तू दहा फुटांवरून पहिल्यांदा कधी बघितलंस? जहांगीरमध्ये टांगल्यावर ना? मला तुझ्या तोंडून उत्तर नकोच आहे, त्या सावलीनं ते दिलंय.

ही जागा काय आहे ते तरी लक्षात घे. 1952 पूर्वी या शहरात चित्रकाराला हक्कानं भिंत मागता येईल अशा जागा फारशा नव्हत्या. आरा, हुसेन यांची चित्रं केकू गांधी यांच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या चौकटींच्या दुकानाच्या काचेत लागायची. हेब्बर आणि होमी भाभा यांनी आग्रह धरला, सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली, तेव्हा काळ्या घोड्याशी ही वास्तू उभी राहिली. आजही अर्ज करून लोक वर्षानुवर्षं तारखेची वाट बघतात. तूही बघितलीस. भाड्यासाठी तुझ्या आईनं पोस्टातली ठेव मोडली, हे तिनंच मला सांगितलं, आणि तक्रार म्हणून नाही, अभिमानानं सांगितलं. त्या पैशातून तुला सात दिवस मिळाले. त्यातले तीन तू मान खाली घालून घालवलेस, आतला फोटो बाहेर पाठवत. बाहेर फुटपाथवर जी मुलं कठड्याला चित्रं टेकवून बसतात ना, त्यांच्याकडे जाऊन बघ. ऊन फिरलं की ती चित्रं फिरवतात, आणि थांबलेल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात.

तुझ्यात काही नसतं तर मी कोल्हापूरहून रात्रीची गाडी पकडून आलो नसतो आणि आलो असतो तरी दोन शब्द गोड बोलून परत गेलो असतो. त्या लहान चित्रांत, मागच्या भिंतीवर तिसरं, ओल्या धोतरांची दोरी, तिथे तू खरोखर बघितलं आहेस. तिथला पांढरा पाच प्रकारचा आहे. ते चित्र तू फोनवर टाकलं नव्हतंस, बरोबर? त्याच्या खालची पट्टीही कोरी आहे.

सोमवारी संध्याकाळी प्रदर्शन उतरेल. चार दिवस आहेत. उद्या दालन उघडलं की आधी पाचरी ठोक. पट्ट्या काढ, नवीन लिही, चार ओळींच्या वर नाही. ठशांचं चित्र उतरव, ते विकायचं नाही. खुर्ची उचलून कचेरीत दे. फोन पिशवीत, पिशवी टेबलाखाली. लालबागच्या त्या गृहस्थांना मी सांगितलं आहे की शनिवारी पुन्हा या, मुलगा उभा असेल. ते चार वाजता येतील. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, तेव्हा खुर्ची कचेरीतून आणून त्यांच्यासाठी ठेव, मेणवलीच्या चित्रापासून दहा फुटांवर. तू बाजूला उभा राहा, आणि रेघ कुठे बदलायला हवी होती ते विचार.