शीतकपाटातील विस्मृती

बदलीचा हुकूम हाती पडला की आम्हां नोकरदारांच्या घरात सर्वांत शेवटी रिकामे होते ते शीतकपाट. कोलकाता सोडताना आमच्या शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्याच्या तळाशी मटणाची एक पुडी निघाली. वर सौभाग्यवतींच्या अक्षरातली तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. पाहुणे यावयाचे होते, ते आले नाहीत. पुडी मात्र राहिली. कामाला येणाऱ्या बाईंनी विचारले, हे टाकायचे की मी घरी नेऊ? प्रश्न साधा होता. आम्हांस उत्तर सुचेना.

उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते. मांस सडत नाही. चरबी हळूहळू खवट होते, ओलावा उडून कडा पांढुरक्या पडतात, एवढेच. म्हणजे पुडी अखंड गोठलेली राहिली असल्यास ती बेचव खरी, पण घातक नव्हे. परंतु मधल्या पावसाळ्यात आम्ही गावी असताना वीज किती वेळ गेली होती, कोण सांगणार? वितळून पुन्हा गोठलेले मांस आपला इतिहास बोलून दाखवीत नाही. (वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवून जावे, परतल्यावर ते बुडालेले दिसले तर काय ते समजावे. ही युक्ती आम्हांस फार उशिरा कळली.)

आमच्या आजोबांपुढे हा प्रश्न कधी उभा राहिला नसेल. रविवारी सकाळी आणलेले मटण दुपारच्या पंगतीत संपे. कोकणातल्या घरी सुके बोंबील आणि सोडे महिनोन्महिने टिकत. पण त्यांचा वासच त्यांचा विसर पडू देत नसे! १८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे जहाज गोठविलेले मांस घेऊन न्यूझीलंडहून ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. तेव्हापासून मारणे आणि खाणे यांत हवे तेवढे अंतर ठेवण्याची सोय जगाला झाली. त्या अंतरातच विसरणे शिरले. आमच्यासाठी एक बकरे कापले गेले आणि आम्ही ते विसरलो, हे शल्य टाकण्याच्या कल्पनेपेक्षा आम्हांस अधिक बोचले.

मग देऊन टाकावे काय? मन लगेच तिकडे धावले, कारण दिल्याने अपराधही धुतला जातो आणि पुण्यही पदरी पडते. कठोपनिषदातला नचिकेत येथे आडवा आला. ज्यांचे गवत खाऊन संपले, पाणी पिऊन संपले, अशा गाई बाप दान देतो आहे, हे पाहून तो पोर अस्वस्थ झाला होता. जे आमच्या ताटात वाढण्यास आम्ही धजत नाही, ते बाईंच्या मुलांच्या ताटात कोणत्या तोंडाने वाढावे? त्यांनी स्वतः मागितले, ही सबबही टिकेना. पुडीची तारीख व वीज गेल्याचा संशय आम्हांस ठाऊक होता, त्यांना नव्हता.

टाकणेही वाटते तितके सोपे नाही. टाकलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस गोठवून विकले जात असल्याचे याच शहरात एप्रिल २०१८ मध्ये उघडकीस आले होते. म्हणून पुडी फोडून, फिनेल ओतून, आम्ही ती अंगणातल्या पेरूखाली खोल पुरली. बाईंना सर्व कारणे सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, मातीकडे एकवार पाहिले, आणि एवढेच विचारले की, चौदा महिने कोणी कप्पा उघडलाच नव्हता का?