जातं आणि चिलखत

वणीत एक पोरगा होता. वीस-एकवीस वर्षांचा असेल. वरोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका मिस्त्रीच्या दुकानात तो वेल्डिंग करायचा. दिवसभर कोळशाचे ट्रक यायचे. कुणाचा फाळका निखळलेला, कुणाचा पत्रा फाटलेला. पोरगा ते जोडून द्यायचा आणि रात्री काळाठिक्कर होऊन घरी यायचा. घरात आजी आणि तो, दोघंच.

एका रात्री त्याने फोनवर रोमन सैनिक पाहिले. लोखंडी पट्ट्यांची चिलखतं, लाल ढाली, एका तालात पडणारी पावलं. त्याला वाटलं, सिनेमा असेल. पण ती ब्रिटनमधली नोकरीधंद्याची साधी माणसं होती. एर्माइन स्ट्रीट गार्ड नावाचं त्यांचं मंडळ १९७२ पासून चाललेलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शिपायाचं सामान ही माणसं अभ्यास करून पुन्हा घडवत, अंगावर चढवत आणि मैदानात कवायत करत. पोरगा उशिरापर्यंत बघत राहिला. झोपताना त्याने ठरवलं, आपणही रोमन शिपाई व्हायचं.

हातात कला होतीच. तेलाचे पंधरा किलोवाले डबे त्याने कापले, ठोकून गोल केले, जोडले आणि घासून चकचकीत केले. आजीच्या जुन्या गंजाचं शिरस्त्राण केलं. त्यावर फड्याचा तुरा बसवला. लाकडाची तलवार केली. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक होती. त्या दिवशी सगळ्या वणीने आपल्याकडे बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

सकाळी तो चिलखत चढवून आजीपुढे उभा राहिला.

"हे काय घातलं रे बाबू आंगात?"

"रोमच्या शिपायाचं चिलखत हाये, आजी."

"चांगलं दिसते. पाया पड आन् जाय मंग."

पोरगा वाकायला गेला. पत्रा पोटात रुतला. तो अर्ध्यातच अडकला. पुन्हा जोर लावला, तशी कड काखेत लागली आणि रक्त आलं. आजीने त्याच्या डोक्यावरचा गंज उतरवून बाजूला ठेवला. जखमेवर हळद दाबली.

"वाकता येत नसन तं तो शिपाई जेवत कसा होता रे? उठत-बसत कसा होता?"

पोराकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी तो मिरवणुकीत गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो वाचू लागला. वाचता वाचता त्याला इंग्लंडच्या उत्तरेकडचं कॉरब्रिज सापडलं. तिथे १९६४ मध्ये जमिनीखाली एक लाकडी पेटी मिळाली होती. पेटीत रोमन चिलखतांचे भाग होते. लोखंड गंजलेलं, आतलं चामडं कधीच कुजून गेलेलं. लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागारात काम करणाऱ्या रसेल रॉबिन्सन यांनी त्या तुकड्यांवरून चिलखताची जुळणी बसवून दाखवली. लोखंडी पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर टांगलेल्या असत आणि एकमेकींवर सरकत. म्हणून शिपाई वाकू शकत होता.

पोराने हे चित्र मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीने चष्मा लावून पाहिलं.

"अबे, हे तं आपल्या दुकानाचं शटर हाये."

खरंच तसंच होतं ते. मिस्त्रीने अठरा गेजच्या पत्र्याचे उरलेले तुकडे त्याला दिले. संध्याकाळी दुकान बंद झालं की पोरगा पट्ट्या कापायचा, कानशीने कडा मारायचा, गोलाई द्यायचा. पहिल्या महिन्यात केलेल्या सगळ्या पट्ट्या मिस्त्रीने भंगारात टाकल्या. कडा बोटाला लागत होत्या. पोरगा काही बोलला नाही. पुन्हा करायला बसला.

चामड्यासाठी तो बसस्टँडजवळ वहाणा शिवणाऱ्या काकांकडे गेला. काकांनी वाद्या कापून दिल्या आणि रिपीट कसं मारायचं तेही दाखवलं. मग पोराने रोमन शिपायाच्या वहाणांचं चित्र पुढे केलं. तळव्याला ओळीने लोखंडी खिळे ठोकलेले.

"किती चालत होता तुया शिपाई?"

"पाच तासात तीस किलोमीटर, काका. पाठीवर वीस किलो ओझं घेऊन. शिकवतानाच तसं चालवत होते त्याइले."

काकांनी हातातली वहाण उलटी करून अंगठा फिरवला. "मंग खिळे पायजेच. आपल्याकडे बी नाल ठोकून घेत होते लोक. रोज चालणाऱ्याले तळवा पुरत नाही." त्यांनी दोन आठवडे लावून वहाणांचा जोड शिवला. तलवारीचं त्यांनी काहीच विचारलं नाही. बाकी ज्याला त्याला तलवारच बघायची असायची.

पावसाळा संपेपर्यंत चिलखत तयार झालं. काट्यावर नऊ किलो भरलं. पोराने ते चढवलं आणि आजीपुढे वाकला. पट्ट्या खुळखुळत एकीवर एक सरकल्या. हात आजीच्या पायाला लागले. आजी हसली. पण तासाभरात त्याचे दोन्ही खांदे सोलून निघाले.

"हे काय इकतं अवघड हाये?" आजी म्हणाली. "डोक्शावर घागर घेतली का खाली चुंबळ पायजे. खांद्यावर लोखंड घेतलं तं खाली कापड नको?"

तिने जुन्या गोधडीचे तुकडे काढले, आत कापूस भरला, जाड टाके घातले आणि बिनबाह्यांची बंडी शिवून दिली. पुढे पोराने वाचलं, चिलखताखाली असं काहीतरी जाड घातल्याशिवाय भागत नाही, हे तिकडच्या मंडळींनाही अंगावर घेऊनच कळलं होतं. आजीला ते आधीच ठाऊक होतं. तिने जन्मभर पऱ्हाटीचे भारे शेतातून घरी आणले होते.

कापसाचं निघालं म्हणून सांगतो. रोमन चिलखताला ही बंडी दिसते तेवढी परकी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाच्या वाटा लिहून ठेवल्या. त्या पुस्तकाला पेरिप्लस म्हणतात. तगर, म्हणजे आजचं तेर, इथून गाड्यांवर लादून कापड भडोचच्या बंदरात येतं, असं त्यात लिहिलं आहे. तिथून जहाजं रोमच्या मुलखाकडे जात. पोरगा रोमन चिलखत अंगात घालत होता, तेव्हा त्याच्याही आधी दोन हजार वर्षं दख्खनचा कापूस त्या बाजूला जाऊन आला होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. आजी तांदूळ निवडत होती. पोरगा वाचता वाचता तिला सांगत होता. एका तंबूत आठ शिपाई राहत. आठ जणांत एक खेचर. खेचरावर तंबू आणि एक जातं.

आजीचा हात थांबला.

"जातं? लढाईले जातं कायले?"

"त्याइले गहू भेटत होता, आजी. दिवसाले साधारण किलोभर. पीठ नाही, गहू. ज्याचा त्यानं दळायचा."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग पहाटेच उठत असतीन बिचारे."

ती उठली. कोपऱ्यात पोत्याखाली तिचं जातं होतं. गिरणी आल्यापासून ते तिथेच पडून होतं. तिने पोतं काढलं, पाळ पुसली, खुंटा ठोकून घट्ट केला आणि पोराला समोर बसवलं. एक किलो गहू मोजून सुपात ठेवला.

"दळ."

पोरगा दळू लागला. त्याला वाटलं होतं, हातोडी चालवणाऱ्या हाताला हे काय जड जाणार. पाव किलोला त्याचा खांदा भरून आला. अर्ध्या किलोला तळहाताला फोड आला. घास जास्त टाकला की जातं अडायचं, कमी टाकला की दगडावर दगड घासायचा. आजी शेजारी बसून मूठमूठ घास घालत राहिली. किलो संपायला रात्र झाली. पीठ जाडंभरडं होतं. आजीने त्याच्याच भाकरी थापल्या.

"लग्न होऊन आली तवा आठ माणसं होती या घरात," ती म्हणाली. "आठ माणसाइचं मी एकटी दळत होती."

पोरगा जेवताना मान खाली घालून होता. आपल्या घरात एवढं ओझं उचलणारं माणूस इतकी वर्षं बसलेलं होतं आणि आपण फोनमध्ये रात्रभर शिपाई शोधत होतो, असं त्याच्या मनात आलं.

जानेवारीत तो खरोखर चालायला निघाला. बरोबर दुकानातला एक जोडीदार आणि गल्लीतला एक मित्र. पोराच्या अंगावर चिलखत, तिघांच्याही खांद्यावर काठीला बांधलेलं ओझं. गहू, पाण्याची कातडी पिशवी, कुदळ, फावडं, आणि आळीपाळीने उचलायला डाळ भरडायचं लहान जातं. रोमन सेनापती मारियसने शिपायांवर इतकं ओझं लादलं की लोक त्यांना मारियसची खेचरं म्हणू लागले होते. पोराने हे मित्रांना वाटेत सांगितलं. तेव्हा तिघंही हसले. पुढे हसायला दम उरला नाही.

ट्रक जात होते, कोळशाची भुकटी उडत होती. वहाणांचे खिळे डांबरावर निसरत, म्हणून ते कडेच्या मातीतून चालले. वर्धेच्या काठी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. तीस किलोमीटरच्या मानाने हे अंतर फारच कमी होतं, आणि तिघांचे पाय फुगले होते.

पण रोमन शिपायाचा दिवस चालून संपत नव्हता. मुलूख शत्रूचा असेल तर मुक्कामाला पोचल्यावर भोवती खंदक खणायचा असे. पोरांनी कुदळ हातात घेतली. काळी माती पावसाळ्यात पायाला सोडत नाही आणि हिवाळ्यात कुदळीला घेत नाही. दोन तासांत माणूस आडवा मावेल एवढाच चर झाला. मग गहू दळला. गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले. बाहेरून करपलेले, आतून कच्चे. तिघांनी ते खाल्ले आणि तिथेच झोपले. तलवार त्या दिवशी कुणी म्यानातून काढलीच नाही. निघताना त्यांनी चर पुन्हा बुजवला.

फेब्रुवारी आला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम होतं, लाठ्या फिरत होत्या, दांडपट्टा होता. पोरगा सगळ्यांच्या मागे चालत होता. चिलखत घासलेलं होतं, पण त्याने पुढे जायची घाई केली नाही. एक-दोघांनी टोकलं.

"आपलं सोडून परक्याचं काहून घातलं बे?"

पोराने उत्तर द्यायच्या आधी लाठी शिकवणारे म्हातारे उस्ताद पुढे झाले. ते तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले.

"१९३६ साली आमच्या मंडळाची पोरं बर्लिनले गेली होती," ते म्हणाले. "ऑलिम्पिकमध्ये आपले देशी खेळ दाखवाले. तिथल्या लोकाइनं टाळ्या वाजवल्या. परक्याचं काहून पाहाचं, असं नाही म्हटलं कोणी." मग ते पोराकडे वळले. "वहाणा दाखव."

पोराने पाय उचलला. उस्तादांनी झिजलेले खिळे पाहिले. वाद्यांच्या रेघा घोट्यावर उमटल्या होत्या, त्याही पाहिल्या.

"चाललेला हाये," ते म्हणाले. "चालू द्या त्याले."

सैनिक म्हटलं की आपल्याला तलवारच दिसते. जुन्या काळचा पोशाख घालणाऱ्याला सरदार व्हायचं असतं, घोड्यावर बसायचं असतं, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्या शिपायाचे बहुतेक दिवस चालण्यात, खणण्यात, शिवण्यात आणि दळण्यात गेले. ते पुस्तकात वाचून अर्धंच कळतं. उरलेलं खांद्याला, तळव्याला आणि तळहाताला कळतं. आणि ज्यांनी ते सगळं शिपाई न होता केलं, ती माणसं आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत असतात. त्यांना विचारावं लागतं.

आता दर रविवारी संध्याकाळी काही पोरं आजीच्या अंगणात जमतात. नवा कोणी आला की त्याला चिलखत हवं असतं. आजी आधी किलोभर गहू मोजून पुढे ठेवते. काही जण परत येत नाहीत. जे येतात त्यांना मिस्त्री पत्रा देतो आणि काका वाद्या कापून देतात.

तंबूत आठ जण असत. वणीत सध्या पाच आहेत.