स्वभाव आणि व्यवसाय



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी प्रश्न उभा राहतो : मुलाने पुढे काय करावे? मग कल चाचणीचा आधार घेतला जातो. अशा अनेक चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेला विचार आहे. हातांनी काम करणारा, शोधक, कलावंत, सेवाभावी, पुढाकार घेणारा आणि टापटीप ठेवणारा असे सहा कल ते मानतात. बहुतेकांत त्यांपैकी दोन-तीन कलांचे मिश्रण असते.

हॉलंड यांनी हेच सहा प्रकार कामाच्या जागांनाही लावले, हे आपण विसरतो. यंत्रांत रमणारा मुलगा हिशेबाच्या वह्यांपुढे कंटाळला, की आपण त्याला आळशी ठरवतो. वास्तविक तेथे माणूस आणि जागा यांचे जुळलेले नसते. न जुळणे हा गुन्हा आहे का?

दुसरीही बाजू आहे. कुटुंबासाठी नावडते काम वर्षानुवर्षे चोख करणारे आईबाप आपण पाहतो. ती निष्ठा कोणत्याही कल चाचणीत मोजली जात नाही. तरीही, आपण सोसले म्हणून मुलांनीही सोसावे, हा न्याय नव्हे. चाचणी जरूर करा; पण शिक्का मारण्यापूर्वी मुलाला विचारा, 'तुझे मन कशात रमते?' आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐका.