जाळलेल्या पुस्तकाची साक्ष

आपल्या पोरांत दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणतो, जुन्या पोथ्या, जुनी पुस्तकं वाचायचीच कशाला? ज्या कागदानं आपल्या माणसाला माणूस म्हटलं नाही, तो कागद हातात धरून करायचं काय? दुसरा वाचतो, पण भाषणापुरतं. इथून एक श्लोक, तिथून एक ओळ. टाळ्या पडल्या, काम झालं. मला दोघांशी बोलायचं आहे. दोघांचा राग खरा आहे. पण राग खरा असला म्हणजे वाचनही खरं असतं, असं नाही.

मी मेहरूणचा. आमच्याकडे पुस्तक आलं ते जळगावच्या रद्दीतून, किलोच्या भावानं. एकाच तागडीत बखर, गीतेवरचं भाष्य, फाटकी कादंबरी आणि शाळेतलं इतिहासाचं पुस्तक. उभ्यानंच चाळायचं. मधूनच उघडायचं, पाच पानं वाचायची, दुसरं उचलायचं. शिकल्यासवरल्या घरातला माणूस याला उथळपणा म्हणतो. म्हणू द्या. त्याच्या घरात कपाट होतं. आधी काय वाचायचं, मागून काय, हे सांगणारा आजा होता. आमचा आजा सही करायच्या ठिकाणी अंगठा लावत होता. ज्याला दारातून आत घेतलं नाही, तो खिडकीतूनच शिरणार. पुस्तक मधूनच उघडायचा हक्क आपला आहे, त्याची लाज नको.

सवाल त्याच्या पुढचा आहे. मेहरूणची बोरं नावाजलेली. पाटीतलं एक बोर माणूस चाखतोच. पण एक बोर चाखून सगळी पाटी गोड, नाहीतर सगळी पाटी किडकी, असं गावभर सांगत फिरायचं का? पाच पानं वाचून पाचशे पानांचा निकाल द्यायचा का? हा नीतीचा सवाल आहे, हुशारीचा नाही.

याचं उत्तर मला बाबासाहेबांच्या वाचनात सापडतं. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. जात आडवी आली, फारसी घ्यावी लागली. पुढं १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ आला, महात्मा फुल्यांना अर्पण केलेला. संस्कृत न येणाऱ्या माणसानं या विषयात पडूच नये, असं पंडित म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. प्रस्तावनेत त्यांनी ती उणीव सरळ मान्य केली. आणि सांगितलं, की पंधरा वर्षं मी या विषयावरचं साहित्य इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासलं आहे, एवढी पात्रता पुरे. दोस्तांनो, नीट बघा. हा माणूस अधिकार मागतो तो कशावर? जन्मावर नाही. स्वतःच्या जखमेवरसुद्धा नाही, आणि जखम तर केवढी होती! त्यांनी पुढं केली ती पंधरा वर्षांची मेहनत.

दोन वर्षांनी, १९४८ साली, अस्पृश्य मूळचे कोण याचा शोध घेणारा ग्रंथ आला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलेला. अस्पृश्यता सुरू कधी झाली, हा त्यातला एक सवाल. त्यासाठी त्यांनी स्मृती काढल्या, चिनी प्रवाशांची वर्णनं काढली, बाणभट्टाची ‘कादंबरी’सुद्धा काढली. धर्म, इतिहास आणि साहित्य एका टेबलावर. फाहियान लिहितो, की चांडाळ शहरात शिरताना लाकूड वाजवून लोकांना सावध करतात. आपल्या वक्त्याला हे सापडलं असतं तर त्यानं तिथंच पुस्तक मिटलं असतं. बाबासाहेबांनी मिटलं नाही. चांडाळांशी ब्राह्मणांचं वैर वेगळं होतं, तेवढ्यावरून सगळी अस्पृश्यता सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले. आणि शेजारी बाणाचं पान ठेवलं. त्यात चांडाळकन्या पोपट घेऊन थेट शूद्रक राजाच्या दरबारात येते आणि कवी तिच्या रूपाचं वर्णन करताना थकत नाही. विटाळ असता तर ती तिथवर पोचली कशी? असं तपासत तपासत ते सन ४०० च्या सुमाराला आले, आणि हा काळ अंदाजाचा आहे हेही सांगून मोकळे झाले. या निष्कर्षावर नंतरच्या अभ्यासकांनी वाद घातले आहेत. घालू देत. ज्यानं पुरावा उघड मांडला, त्याच्याशीच वाद घालता येतो.

आता खरी गोष्ट. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. जाळायलाच पाहिजे होती. आणि १९४८ च्या ग्रंथात तोच मनू साक्षीला उभा आहे. बाबासाहेब काय म्हणतात? मनूच्या काळी अशुद्धी मानत होते, पण अस्पृश्यता अजून नव्हती. म्हणजे ज्या पुस्तकाची होळी केली, त्याच्या माथी न केलेला गुन्हा मारला नाही. मनूवर आरोपांची काय कमी होती? एक जादा लावला असता तर कोण विचारणार होतं? पण नाही लावला. जाळणं हा त्या पुस्तकाच्या सत्तेला नकार होता; वाचणं हा सत्याचा शोध होता. पुस्तक जाळता येतं, दोस्तांनो. त्याच्याबद्दल खोटं बोलता येत नाही.

इथून जवळच धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आहे. या माणसानं वाड्यावाड्यांतून जुने कागद गोळा केले, छापले. त्यांचा जातीचा अभिमान आपल्याला पटणारा नाही. म्हणून ते कागद फेकायचे? जुन्या गावकीच्या महजरांत बलुतेदारांबरोबर महारही साक्षीला असतो. शिवेचा तंटा उभा राहिला की शीव दाखवायला महाराला बोलवत. ती गावकी, ते वतन मातीत गेलं, फार बरं झालं. त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण आपल्याला शिवू न देणाऱ्या गावाला शिवेच्या सवालावर आपलाच शब्द लागत होता, हे त्याच कागदांतून कळतं. आपण ते वाचले नाहीत तर दुसरा कुणी वाचेल, आणि त्याला पाहिजे तेवढंच सांगेल.

आपलं वाचनही तसंच असावं. पुस्तकाची शीव कुठं संपते ते खरं दाखवायचं. बिनधास्त चाळा, मधूनच उघडा, कुणाची परवानगी मागू नका. पण ज्या दिवशी त्यातली एक ओळ घेऊन लोकांपुढं उभं राहायचं असेल, त्या दिवशी तिच्या मागचं पान वाचा, पुढचं वाचा, आणि ती ओळ आपल्या विरुद्ध जात असेल तर तीही सांगा. समोर बसलेली आपली आई, आपला बाप ते पुस्तक उघडून बघू शकत नाही. ती माणसं आपल्या शब्दावर विसंबतात. हजार वर्षं पोथी हातात धरून त्यांना फसवलं गेलं. आता पोथी आपल्या हातात आहे.